शिक्का आणि सनद : संस्कारांचा तारणाशी संबंध

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ८:९-२४ व ३६-३९, १०:४४-४८, रोमकरांस पत्र ४:९-१२ व ६:१-११, करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४.

ग्वाल्हेरीत आमच्या मंडळीची उपासना हिंदीत होते. लष्कर आणि मुरार ह्या भागांत मराठी ख्रिस्ती घरे थोडी आहेत. ती महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून आपल्या भाषेत प्रार्थना करतात. ह्या प्रार्थनेला लष्करातील एक निवृत्त कारकून काही वर्षे नेमाने येत असत. घराणे जुने, शिंदेशाहीच्या काळी दक्षिणेतून आलेले. ते ख्रिस्ती नव्हते. परंतु नवा करार त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की, बोलताना आमचा एखादा संदर्भ चुकला तर तेच हळू आवाजात अध्याय सांगत. बाप्तिस्म्याचा विषय निघाला की म्हणत, "मुलीचं लग्न होऊन जाऊ द्या." लग्न झाले. मग त्यांनी आपण होऊन पाळकसाहेबांना इच्छा कळविली. शिक्षण झाले, कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाचे निवेदन देऊन त्याची मुदतही पुरी झाली. आता केवळ दिवस ठरावयाचा होता. इतक्यात ते आजारी पडले.

एके रात्री आम्हांस रुग्णालयातून बोलावणे आले. ते शुद्धीवर होते. त्यांनी बाप्तिस्मा मागितला. पाळकसाहेब परगावी होते आणि आम्ही तर साधे उपदेशक. आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "सकाळी पाळकसाहेब येतील." पहाटे ते गेले.

प्राणसंकटाच्या वेळी बाप्तिस्मा झालेल्या कोणाही ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा द्यावा, अशी मोकळीक अनेक मंडळ्यांच्या नियमांत आहे. पदविकेच्या अभ्यासात आम्ही हे शिकलो होतो. त्या रात्री धीर झाला नाही. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नव्हे.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने एवढेच विचारले, "भाऊ, ह्यांचं तारण झालं का हो? पाणी तर मिळालंच नाही."

वाचकहो, ह्या एका प्रश्नात आजचा सर्व पाठ आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने तारण होते काय? होत असेल, तर तो मनुष्य आमच्या संकोचामुळे नाश पावला असे म्हणावे लागेल. होत नसेल, तर मंडळी पाणी आणि भाकर घेऊन एवढे कशासाठी करते?

१. दोन सोपी उत्तरे

आपल्या मंडळ्यांत ह्या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. दोन्ही सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर असे की, बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण झाले. असे कोणी उघड बोलत नाही, परंतु आपले वागणे तसेच असते. मूल जन्मले, बाप्तिस्मा उरकला, रजिस्टरात नाव लागले, फोटो काढला, जेवणावळ झाली. पुढे ते मूल प्रभूला ओळखते की नाही याची चौकशी त्याच्या लग्नाची चिठ्ठी मागावयाची वेळ येईपर्यंत कोणी करीत नाही. प्रभुभोजनाचेही असेच. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण ह्या दोन दिवशी मेजाजवळ गेले की वर्षाचा हिशेब चुकता झाला, असे मानणारे थोडे नाहीत.

दुसरे उत्तर असे की, अंतःकरणात विश्वास असला म्हणजे झाले; पाणी आणि भाकर ही बाहेरची कवचे आहेत. हे उत्तर अधिक आत्मिक वाटते. म्हणून तरुणांना ते आवडते, आणि ज्यांना घरच्यांची किंवा समाजाची भीती आहे त्यांनाही सोयीचे पडते.

त्या बाईंच्या प्रश्नात पहिल्या उत्तराची छाया होती. आपल्याकडे जाणाऱ्याच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात. ते घालावयाचे राहून गेले तर घरच्यांना जन्मभर रुखरुख लागते. बाप्तिस्म्याचे पाणीही त्याच जातीचे काहीतरी असावे, अशी त्यांची समजूत होती. आम्ही त्यांस दोष देत नाही. पुष्कळ जुन्या ख्रिस्ती घरांतही हीच समजूत आहे. फक्त तिला ख्रिस्ती नाव दिलेले आहे.

२. तारण हे कोणाचे काम?

प्रथम पाया पाहू. पवित्र शास्त्राप्रमाणे तारण हे पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाचे काम आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोम. ५:८). तारण कृपेने व विश्वासाच्या द्वारे होते, ते कर्माचे फळ नव्हे (इफिस. २:८-९). ख्रिस्ताचे अर्पण एकदाच झाले आणि ते पुरेसे आहे (इब्री १०:१०-१४). वधस्तंभावर प्राण सोडण्यापूर्वी प्रभूने आपले कार्य पुरे झाल्याचे जाहीर केले (योहान १९:३०). जे पुरे झाले त्यात कोणी काय भर घालणार?

म्हणून संस्कार ही तारणाची अर्धी किंमत नव्हे. अर्धे प्रभूने दिले आणि उरलेले आपण पाण्यात उतरून भरले, असा हा व्यवहार नाही. पाळकाच्या हातात तारण नाही. आमच्यासारख्या उपदेशकाच्या संकोचाने कोणाचे तारण हिरावले जात नाही, ही गोष्ट त्या रात्रीनंतर आमच्याच मनाला पटावयास बरेच दिवस लागले.

मग संस्कारांचे स्थान कोणते?

३. शिक्का आणि सनद

रोमकरांस पत्राच्या चवथ्या अध्यायात पौल अब्राहामाचे उदाहरण देतो. अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. सुंता मागाहून आली. मग ती कशाला? पौल तिला खूण म्हणतो आणि शिक्का म्हणतो.

शिक्का म्हणजे काय हे ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी येथे पडली, छावणीचे शहर झाले, आणि त्याचे नाव लष्करच राहिले. दरबाराने ज्यांना जमीन किंवा वतन दिले त्यांच्या घरी सनदा आल्या. मराठेशाहीच्या कागदांत मुख्य शिक्का माथ्यावर उमटवीत आणि मजकूर संपला तेथे मोर्तब करीत, म्हणजे त्याखाली मागाहून कोणी काही घुसडू नये. आपला 'शिक्कामोर्तब' हा शब्द तेथूनच आला.

आता विचार करा. जमीन कोणी दिली? शिक्क्याने नव्हे. दिली ती धन्याने, आपल्या शब्दाने. कोऱ्या कागदावर शिक्का मारला तर त्यावर एक बिघाही मिळत नाही. परंतु म्हणून शिक्का निरुपयोगी आहे काय? गावी जाऊन ताबा घेताना, भाऊबंदांनी हक्क नाकारला असता, वडील वारल्यावर मुलांच्या मनात शंका आली असता, सनद उघडून त्यावरील शिक्का दाखविता येत होता. धन्याचा शब्द ऐकताना कानांनी ऐकला; शिक्का डोळ्यांनी पाहता आला, बोटांनी चाचपता आला.

सुधारणेच्या काळातील आचार्य कॅल्व्हिन यांनीही राजपत्रावरील शिक्क्याचा असाच दाखला दिला आहे : मजकुरावाचून शिक्का व्यर्थ, परंतु मजकूर असेल तर शिक्क्याने तो पक्का होतो. त्यांच्याही पूर्वी अकराशे वर्षे संत ऑगस्टीन यांनी संस्काराला दिसणारे वचन म्हटले होते. दोघांचा आशय एकच. सुवार्ता ही देवाची सनद आहे. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे तिच्यावरील शिक्के आहेत. ते आपण देवाला दिलेले नाहीत, देवाने आपल्याला दिलेले आहेत.

ही दिशा ध्यानात धरणे महत्त्वाचे आहे. 'साक्रामेंत' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा एक जुना अर्थ रोमी शिपायाने घ्यावयाची निष्ठेची शपथ असा होता. हा अर्थही खरा आहे. बाप्तिस्म्यात आपण धन्याची चाकरी पत्करतो. परंतु शपथ दुसरी, सनद पहिली. आपण देवाला धरले आहे याची ती प्रथम साक्ष नव्हे; देवाने आपल्याला धरले आहे याची ती साक्ष आहे. म्हणून बाप्तिस्मा कोणी स्वतःस देत नाही, तो दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो. प्रभूची भाकरही उघडा हात पुढे करूनच घेतो. भिक्षेकऱ्याचा हात जसा पुढे येतो तसा.

४. प्रेषितांच्या कृत्यांतील दाखले

शास्त्रपाठातील माणसे आता जवळून पाहू.

शिमोन जादूगार (अध्याय ८). त्याने विश्वास धरल्याचे दाखविले, बाप्तिस्मा घेतला आणि फिलिप्पाच्या मागे मागे राहिला. परंतु पवित्र आत्म्याचे दान पैशाने विकत घ्यावयास निघाला, तेव्हा त्याचे अंतःकरण देवासमोर सरळ नाही असे पेत्राने त्यास स्पष्ट सांगितले. पाणी होते, तारणाची खूण जीवनात नव्हती. पहिल्या सोप्या उत्तराला हा एक दाखला पुरे. तरीही पेत्राने त्यास हाकलून दिले नाही. पश्चात्ताप करावयास सांगितले.

त्याच अध्यायातील कूशी अधिकारी. रथात बसून यशया वाचीत होता. येशूविषयीची सुवार्ता ऐकली आणि वाटेत पाणी दिसताच रथ थांबविला. आपल्याला काय अडचण आहे, असे त्यानेच विचारले. विश्वास पाण्यापासून पळत नाही, पाणी शोधतो.

कर्नेल्य शताधिपती (अध्याय १०). पेत्र बोलत असतानाच त्याच्या घरातील लोकांवर पवित्र आत्मा उतरला. पाण्याच्या अगोदर! आता बाप्तिस्म्याची गरज उरली नाही असे पेत्र म्हणू शकला असता. तो उलट म्हणतो की, ज्यांना आत्मा मिळाला त्यांना पाणी कोण नाकारील? दुसऱ्या सोप्या उत्तराला हा दाखला पुरे.

आणि वधस्तंभावरील तो अपराधी (लूक २३:३९-४३). त्यास ना पाणी मिळाले, ना प्रभूचे मेज. त्यास मिळाला प्रभूचा शब्द, आणि तोही त्याच दिवसाचा.

ह्या चौघांना एकत्र ठेवले की शास्त्राची रीत दिसते. देवाने आपल्याला संस्कारांनी बांधून दिले आहे. तो स्वतः त्यांनी बांधला गेलेला नाही. ज्यास शिक्का मिळाला नाही त्याची सनद खोटी ठरत नाही. परंतु ज्यास शिक्का दिला जात आहे आणि जो तो नको म्हणतो, त्याने सनद देणाऱ्याचा शब्द कितपत मानला हे त्यानेच तपासावे. मिळू न शकणे आणि नाकारणे ह्यांत मोठे अंतर आहे.

आपल्याच प्रांतात होशंगाबादेस (आताचे नर्मदापुरम) मित्रमंडळाचे, म्हणजे क्वेकर लोकांचे, कार्य गेल्या शतकाच्या आधीपासून झाले. ते पाण्याचा विधी करीत नाहीत. मुक्तिफौजेनेही १८८३ सालापासून संस्कार पाळणे सोडले. ह्या बंधूंच्या सेवेत व प्रार्थनेत प्रभू आहे हे नाकारणे आम्हांस शक्य नाही. विधीवर भिस्त ठेवणाऱ्या ख्रिस्ती लोकांना त्यांनी जो इशारा दिला तो आपण ऐकलाच पाहिजे. तरी प्रभूने हातात दिलेले दान खाली ठेवण्यास आम्ही धजत नाही.

५. आपल्या मराठी बंधुभगिनींच्या जीवनांत

हा विषय मराठी ख्रिस्ती लोकांनी पुस्तकांतून शिकण्याआधी जीवनात भोगला आहे.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली झाशीजवळ एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. ते वाढले काशीत. मिशनऱ्यांच्या मताचे खंडन करावयास निघालेल्या ह्या शास्त्र्याने १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले. विशेष असे की, बाप्तिस्म्यानंतरही अनेक वर्षे त्यांना शंकांनी छळले. बाप्तिस्मा जर मनाच्या निश्चयाचे प्रमाणपत्र असता, तर तो त्यांना दर शंकेबरोबर फाडून टाकावा लागला असता. परंतु शिक्का देवाचा होता. शंका आली, गेली, पुन्हा आली. ते प्रभूच्या सेवेत १८९५ साली मृत्यू येईपर्यंत राहिले.

ह्याच गोऱ्यांच्या लेखनाने पंडिता रमाबाईंच्या निर्णयास हातभार लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाईंनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यांनीच पुढे १९०७ साली आपल्या साक्षीत प्रांजळपणे लिहिले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडावयाचा होता. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा पाळक इतरांना संस्कार देत असतानाच स्वतः मात्र जिवंत विश्वासावाचून होता, आणि स्वतःच्याच उपदेशाच्या वेळी त्याचे परिवर्तन झाले. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले आणि केवळ ख्रिस्तावर भिस्त ठेवली.

मग १८८३ चा बाप्तिस्मा फुकट गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. सनद आठ वर्षे पेटीत राहिली आणि एके दिवशी ती उघडून वाचली, म्हणजे ती पूर्वी खोटी होती असे होत नाही. परंतु न वाचलेल्या सनदेवर कोणी शेत कसले नाही, हेही तितकेच खरे. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या आपल्यासारख्या हजारोंना हा इशारा आहे. बालकांचा बाप्तिस्मा की समजत्यांचा, हा वाद आम्ही येथे काढीत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिने दोन्ही पद्धतींना आपल्या घरात जागा दिली. प्रश्न वयाचा कमी आणि पेटी उघडण्याचा अधिक आहे.

आता दुसरी बाजू. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडावा अशी सभासदांची तळमळ होती, आणि म्हणून परक्या हातचा पाव खाणे व पाणी पिणे हा तेथे प्रवेशाचा भाग होता. पण हे सर्व गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटण्याचा प्रसंग आला आणि मंडळी मोडली. तरुण बाबा पदमनजी तिच्यात होते. बंद दाराआड खाल्लेल्या पावाने त्यांचे समाधान झाले नाही. १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात उघडपणे बाप्तिस्मा घेतला. भाकर दोन्हीकडे होती. एकीकडे ती दाराला कडी लावून खावयाची होती. दुसरीकडे सर्व जगाला दिसेल अशी मेजावर ठेवलेली होती. संस्कार हा गुप्तपणाचा शेवट आहे. कारण प्रभूही आपल्यासाठी कोनाड्यात मेला नाही. शहराबाहेर, सर्वांदेखत मेला.

परंतु उघडपणाची किंमत कोण भरतो, हे सांगणारे नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाईंनी जवळजवळ पाच वर्षे विरहाची व सोवळ्याची वाट चालून, जातिभेद देवाने केलेला नाही हे स्वतःच्या मनाने पटल्यावर, १९०० साली बाप्तिस्मा घेतला. कोणी ओढून नेले नाही. पुढे १९१७ साली टिळक मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारावयास निघाले. त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. दोन वर्षांनी ते निवर्तले आणि दरबार फार वाढला नाही.

टिळकांनी बाप्तिस्मा तुच्छ मानला असे आम्ही म्हणणार नाही. त्याची पुरेपूर किंमत त्यांनी स्वतः दिली होती. त्यांना दिसले ते हे की, कित्येकांच्या वाटेत ख्रिस्त आडवा येत नाही, ख्रिस्ती समाजाची परकी रीतभात आडवी येते. ही त्यांची व्यथा आजही खरी आहे. त्यात आणखी भर पडली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती होणाऱ्या दलित बांधवाच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात. आमच्या मध्यप्रदेशात १९६८ साली धर्मांतराविषयी कायदा झाला. त्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली. जबरदस्ती आणि आमिष सुवार्तेलाच मान्य नाहीत. परंतु ह्या सर्वांमुळे पुष्कळ प्रामाणिक माणसे मागच्या बाकावर वर्षानुवर्षे बसून राहतात, हे पाळकांनी व पंचांनी ओळखावे. त्यांना भित्रे म्हणण्याआधी, ते आले तर आपण त्यांच्यासाठी काय सोसू, हे आपण स्वतःला विचारावे.

६. प्रभूचे मेज

बाप्तिस्मा एकदाच, प्रभुभोजन पुन्हा पुन्हा. जन्म एकदाच होतो, जेवण रोज लागते.

भाकर व द्राक्षारस ह्यांत प्रभू कसा उपस्थित असतो, ह्यावर लूथर व झ्विंग्ली ह्यांचे १५२९ साली मारबुर्ग येथे एकमत होऊ शकले नाही, आणि त्या वादाने सुधारणेचे दोन फाटे झाले. रविवारच्या शाळेत तो वाद उकरण्याची गरज नाही. मेजाजवळ यजमान प्रभू आहे, आपण नव्हे, एवढे सर्वांना मान्य आहे. त्याचे अर्पण तेथे पुन्हा होत नाही. एकदा झालेल्या अर्पणाचे फळ तेथे वाटले जाते.

परंतु करिंथच्या मंडळीला पौल ज्या गोष्टीविषयी रागावला ती गोष्ट आपण सहसा वगळतो. त्याने त्यांची विद्वत्ता तपासली नाही. श्रीमंत आधी खातात, गरीब उपाशी राहतात, आणि ह्याला तुम्ही प्रभूचे भोजन म्हणता, हे त्याचे दुखणे होते. अयोग्यपणे खाणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या अध्यायात तेथेच आहे : शेजारच्या भावाला प्रभूच्या शरीराचा अवयव म्हणून न ओळखणे.

आपल्या देशात एका पेल्यातून पिणे ही लहान गोष्ट नव्हे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्याच्या कितीतरी आधी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) मंडळीत हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांसारखे ब्राह्मण कुळातील आणि महार कुळातील ख्रिस्ती एकाच प्रभूच्या नावाने एका मंडळीचे सभासद झाले होते. दक्षिणेत मात्र काही मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळी बैठक व वेगळा क्रम चालू राहिला, तेव्हा १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांना तो भेद पूर्णपणे मोडण्याचा हुकूम काढावा लागला. मेजाजवळ तारण दिसते किंवा दिसत नाही, ते येथे.

आणि आज? पेला एक आहे, हे देवाचे उपकार. परंतु मेजावरून उठून घरी गेल्यावर मुलाचे स्थळ पाहताना आपण हळूच विचारतो, "मूळचे कोण?" हा प्रश्न विचारणाऱ्याने रविवारी जी भाकर खाल्ली तिचा अर्थ त्यास अजून कळावयाचा आहे. तारण हे जीव स्वर्गात नेण्याचे तिकीट असते, तर हा प्रश्न क्षम्य झाला असता. परंतु देव माणसे एकेकटी वाचवीत नाही. त्यांना एका शरीरात जोडून वाचवितो. शिक्का एका घराण्याचा आहे.

७. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी

वर्गात एखादा शिक्का मारलेला जुना कागद न्यावा. मुद्रांकाचा कागद किंवा शाळेचा दाखलाही चालेल. त्याच्या जोडीला कोऱ्या कागदावर तसाच शिक्का काढून न्यावा. कोणता कागद उपयोगाचा, असे मुलांना विचारावे. मग शिक्का नसलेला परंतु वडिलांच्या हातचा खरा शब्द असलेला कागद दाखवावा. तिन्ही कागद समोर ठेवून शिमोन, कर्नेल्य आणि वधस्तंभावरील अपराधी ह्यांच्या गोष्टी सांगाव्या. कोणता कागद कोणाचा हे मुलांनीच ओळखावे. कर्नेल्याजवळ प्रथम कोणता कागद होता आणि पेत्राने त्यावर काय उमटविले, हे त्यांच्याच तोंडून काढावे.

मोठ्या मुलांना आपल्या बाप्तिस्म्याची तारीख घरी विचारून येण्यास सांगावे. वाढदिवस सर्वांना पाठ असतो. ही तारीख फार थोड्यांना ठाऊक असते. मोहाच्या घटकेस लूथर आपला बाप्तिस्मा झालेला आहे, याची स्वतःला आठवण देत. मुलांनाही ही सवय लावावी. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही अशी मुले वर्गात असतील तर त्यांना ओशाळे वाटेल असे काही बोलू नये.

त्या बाईंना आम्ही काय उत्तर दिले?

आम्ही म्हणालो, "वहिनी, पाणी आमच्या हातून मिळालं नाही, ही चूक आमची. पण ज्याच्या नावानं पाणी मागितलं त्यानं त्यांना नाकारलं नाही. त्यांनी ऐकलं होतं, मानलं होतं आणि हात पुढं केला होता." त्या काही बोलल्या नाहीत. पतीचा नवा करार त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्यात प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायाशी, कूशी अधिकाऱ्याच्या गोष्टीपाशी, बसचे एक जुने तिकीट खुणेसाठी घातलेले होते.

त्या आता प्रार्थनेला येतात. प्रभुभोजनाच्या रविवारी सर्वजण पुढे जातात आणि त्या मागच्या बाकावर बसून राहतात. त्यांना कोणी घाई करीत नाही, करूही नये. परंतु त्या बाकाकडे पाहिले की आम्हांस दर वेळी वाटते, मेज अजून पुरते भरलेले नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. शिमोन व कर्नेल्य ह्यांच्या गोष्टींत पाणी आणि पवित्र आत्मा ह्यांचा क्रम कसा आहे? त्यावरून आपण काय शिकतो?
२. बाप्तिस्मा न मिळणे व बाप्तिस्मा नाकारणे ह्यांत कोणता भेद आहे?
३. पंडिता रमाबाईंच्या १८८३ व १८९१ ह्या दोन वर्षांतील अनुभवांचा परस्पर संबंध तुम्ही कसा सांगाल?
४. आपल्या मंडळीत मागच्या बाकावर कोण बसलेले आहेत? त्यांच्यासाठी आपण काय सोसावयास तयार आहोत?
५. प्रभूच्या मेजाजवळ आपण ज्याच्या शेजारी उभे राहतो, त्याच्या घराशी सोयरीक करावयास आपली तयारी आहे काय?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, आम्ही तुझ्याकडे येण्याआधीच तू आमच्याकडे आलास याबद्दल तुझे आभार मानतो. तू आमच्या कपाळी लावलेला शिक्का आमच्या वागण्याने आम्ही झाकून टाकला असेल तर क्षमा कर. भयाने थांबलेल्यांना धीर दे, आणि त्यांना अडविणाऱ्या आमच्या संकोचाची क्षमा कर. आम्हां सर्वांना एका मेजाजवळ एका घराण्यासारखे बसव. येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.